पिकअप गाडीला टायर घेताना



बैलगाडीच्या काळात चाक गावच्या सुताराकडून करून घ्यायचे आणि त्यावर लोखंडी धाव लोहाराने चढवायची अशी रीत होती. कोणते चाक किती ओझे सोसेल हे सुताराला ठाऊक असे आणि गाडीवानालाही ठाऊक असे. आता बेळगाव-खानापूर भागातल्या पुष्कळ घरांसमोर बैलगाडीच्या जागी पिकअप उभी असते. पहाटे कोबी, फ्लॉवर, मिरची, रताळी भरून ती मार्केट यार्डात जाते, नाही तर चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट उतरून गोव्याची वाट धरते. गाडी घेताना आपण दहा जणांना विचारतो. टायर घेताना मात्र बहुधा तीनच प्रश्न विचारतो : किंमत काय, कंपनी कोणती आणि टायर जाड आहे ना?

या तीन प्रश्नांत मुख्य प्रश्न राहून जातो. हा टायर किती किलो वजन वाहू शकतो? याचे उत्तर दुकानदाराला विचारण्याचीही गरज नाही, कारण ते टायरच्या अंगावरच छापलेले असते. ते वाचता आले म्हणजे निम्मे काम झाले. राहिलेले निम्मे काम म्हणजे आपल्या गाडीच्या मागच्या चाकांवर खरोखर किती वजन पडते याचा प्रामाणिक हिशेब. या लेखात आम्ही या दोन्ही गोष्टी क्रमाने मांडणार आहोत.

वजन वाहते ती हवा

पुष्कळांची समजूत अशी असते की गाडीचे वजन रबर वाहते. म्हणून रबर जितके जाड तितका टायर दणकट, असे ते मानतात. वास्तविक वजन वाहते ती टायरच्या आत दाबून भरलेली हवा. रबर आणि त्याच्या आतले धाग्यांचे थर हे त्या हवेला कोंडून धरणारे पोते आहे. पोते मजबूत असेल तर त्यात जास्त दाबाची हवा भरता येते, आणि हवेचा दाब जास्त असेल तर जास्त वजन वाहता येते. जड वजनाचा टायर म्हणजे जास्त दाबाची हवा सुरक्षितपणे धरून ठेवणारा टायर, एवढाच त्याचा अर्थ आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आपण महागाचा जड टायर घेतला आणि त्यात जुन्या टायरइतकीच कमी हवा भरली, तर तो टायर जुन्याइतकेच ओझे वाहील. जास्तीचे पैसे दिले, पण त्याचा उपयोग झाला नाही.

कमी हवेवर जास्त ओझे टाकले म्हणजे काय होते तेही समजून घ्यावे. चाक फिरताना टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तेथे टायरची बाजू दबून बाहेर फुगते आणि वर गेल्यावर पुन्हा सरळ होते. प्रत्येक फेऱ्यात हे होत असते. तार पुन्हा पुन्हा वाकवली म्हणजे ती बोटाला गरम लागते, तसाच टायर आतून गरम होतो. हवा कमी, ओझे जास्त, वेग जास्त आणि वर ऊन, अशा चारही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एखाद्या दिवशी भर रस्त्यात टायर फुटतो आणि आपण म्हणतो, "नवाच होता, कसा फुटला कोण जाणे!" तो त्या दिवशी फुटला असला तरी त्याची नासाडी कित्येक दिवस चाललेली असते.

टायरवर काय लिहिले असते

टायरच्या बाजूवर इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत एक ओळ असते. उदाहरणार्थ, "२१५/७५ आर १५ एलटी १०६/१०४ क्यू" अशा धर्तीची. ती अशी वाचावी.

२१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या शेकडा ७५ आहे. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एलटी म्हणजे हा टायर हलक्या मालगाडीसाठी केलेला आहे. लहान मालगाड्यांच्या टायरवर "१४५ आर १२ एलटी" असेही माप असते. त्यात बाजूच्या उंचीचा आकडा दिलेला नसतो, बाकी वाचण्याची रीत तीच.

त्यापुढचा १०६ हा आकडा आपल्या सर्वांत कामाचा. तो किलो नव्हे, तर वजनाच्या ठरलेल्या कोष्टकातला क्रमांक आहे. त्यातले आपल्याला लागणारे क्रमांक येथे देत आहोत. हे कागदावर उतरवून गाडीत ठेवावेत.

९० म्हणजे ६०० किलो
९५ म्हणजे ६९० किलो
१०० म्हणजे ८०० किलो
१०४ म्हणजे ९०० किलो
१०६ म्हणजे ९५० किलो
१०८ म्हणजे १,००० किलो
११२ म्हणजे १,१२० किलो

हे वजन एका टायरचे आहे, आणि तेही त्यात पूर्ण ठरलेली हवा असतानाचे. "१०६/१०४" असे दोन आकडे असले तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा मागे जोडचाके असलेल्या गाडीसाठी. आपल्या पिकअपला मागे एकेक चाक असेल तर पहिला आकडा पाहावा.

शेवटचे अक्षर वेगाचे. एन म्हणजे ताशी १४० किलोमीटर, पी म्हणजे १५०, क्यू म्हणजे १६०. आपल्या रस्त्यांवर भरलेली पिकअप या वेगाच्या जवळपासही नेऊ नये, तेव्हा या अक्षराची आपल्याला फारशी चिंता नाही.

याशिवाय "६ पीआर", "८ पीआर", "१० पीआर" असा मजकूर असतो. दुकानात याला "सहा प्लाय", "आठ प्लाय" म्हणतात. पूर्वी टायरमध्ये सुती धाग्याचे थर असत आणि जितके थर तितके बळ असे सरळ गणित होते. पुढे नायलॉन, पॉलिएस्टर आणि पोलाद यांचे धागे आले. ते इतके मजबूत असतात की थोड्या थरांत जुन्या आठ थरांचे बळ येते. म्हणून आज "८ पीआर" म्हणजे आत मोजून आठ थर आहेत असे नव्हे, आठ थरांच्या तोडीचे बळ आहे असा त्याचा अर्थ. साधारणपणे हलक्या मालगाडीच्या ६ पीआर टायरमध्ये ५० पौंडांपर्यंत, ८ पीआरमध्ये ६५ पौंडांपर्यंत आणि १० पीआरमध्ये ८० पौंडांपर्यंत हवा धरण्याची ताकद असते. पण नेमकी मर्यादा त्या त्या टायरवर छापलेली असते, ती पाहावी.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. २१५/७५ आर १५ याच मापात माणसे नेणाऱ्या गाडीसाठी केलेलाही टायर मिळतो आणि मालगाडीसाठी केलेलाही मिळतो. दोन्ही एकाच रिमवर बसतात आणि दिसायलाही सारखे. पण पहिल्यावर क्रमांक १०० असेल आणि दुसऱ्यावर १०६, तर प्रत्येक चाकामागे १५० किलोचा फरक पडतो आणि मागच्या दोन चाकांत मिळून ३०० किलोचा. म्हणजे पन्नास किलोची सहा पोती. स्वस्त मिळाला आणि माप जुळले एवढ्यावर टायर घेणाऱ्याचा घात येथे होतो. माप जुळले तरी क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपल्या गाडीचा हिशेब

आता दुसरी बाजू. प्रत्येक गाडीचे रिकामे वजन आणि भरल्यावर जास्तीत जास्त किती वजन चालेल हे आरसीवर लिहिलेले असते. त्यालाच आपण पासिंग म्हणतो. समजा, एका पिकअपचे रिकामे वजन १,७०० किलो आहे आणि भरून ३,००० किलोचे पासिंग आहे. म्हणजे माल १,३०० किलो, अर्थात पन्नास किलोची २६ पोती. चालक आणि शेजारी बसणारा यांचे वजनही यातूनच वजा करायचे असते, पण हिशेब सोपा राहावा म्हणून ते येथे बाजूला ठेवू.

रिकाम्या गाडीत इंजिन पुढे असल्याने पुढच्या चाकांवर १,००० आणि मागच्या चाकांवर ७०० किलो आहेत असे धरू. हौदा बहुतांशी मागच्या चाकांवर असतो, म्हणून भरलेल्या १,३०० किलोंपैकी साधारण १,२०० किलो मागे पडतात. मागे झाले १,९०० किलो. दोन चाकांत वाटले तर प्रत्येकी ९५० किलो. कोष्टक पाहा. हा बरोबर १०६ क्रमांक आहे. म्हणजे या गाडीला मागे १०६ च्या खालचा टायर चालणारच नाही, आणि १०८ घेतला तर प्रत्येक चाकामागे पन्नास किलोचा हात राखला जातो.

आता याच गाडीत २६ ऐवजी ४० पोती बटाटा भरला असे समजा. माल २,००० किलो झाला. जास्तीच्या ७०० किलोंपैकी ६५० तरी मागेच बसतील. मागे झाले २,५५० किलो, म्हणजे प्रत्येक टायरवर १,२७५. १०६ चा टायर येथे ३२५ किलोंनी कमी पडतो, आणि ११२ क्रमांकाचाही टायर पुरत नाही. शिवाय हा उभ्या गाडीचा हिशेब झाला. घाटात वळण घेताना बाहेरच्या बाजूच्या चाकावर जास्त भार पडतो आणि खड्ड्यात चाक आपटले म्हणजे क्षणभर तो आणखी वाढतो. माल हौद्याच्या अगदी टोकाला रचला तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला हलके लागते. चालकाला ते बरे वाटते, पण पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड सुटत चालल्याची ती खूण आहे.

आपल्या गाडीचे खरे आकडे कळण्यासाठी वजनकाट्यावर एकदा दोन वजने करून घ्यावीत. नेहमीचा माल भरून आधी पूर्ण गाडीचे आणि मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून मागचे. दुसऱ्या आकड्याचे दोन भाग केले की एका मागच्या टायरवरचे वजन मिळते. थोड्याशा पैशांत मिळणारी ही चिठ्ठी टायरच्या दुकानात नेली तर जाहिरातींपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

पोत्यांचा हिशेब बहुतेकांना येतो. फसगत होते ती इतर मालात. हजार लिटरची पाण्याची टाकी भरली की माल एक टन झाला, टाकीचे वजन वेगळे. कोरडी वाळू घनफुटाला सुमारे ४५ किलो भरते आणि ओली त्याहून जास्त. पावसात भिजलेली भाजी आणि ओले शेणखत डोळ्यांना तेवढेच दिसते, काट्यावर मात्र बरेच जास्त भरते.

रेडियल की नायलॉन?

दुकानात हा प्रश्न हमखास येतो. साध्या टायरमध्ये धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदून घातलेले असतात. त्यालाच आपल्याकडे नायलॉन टायर म्हणतात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी पट्टे असतात. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ साली या रचनेचे पेटंट घेतले, आणि नंतर ती जगभर पसरली.

दोघांचे गुण वेगळे आहेत. रेडियल कमी तापतो, जास्त किलोमीटर जातो, ओल्या रस्त्यावर चांगली पकड धरतो आणि डिझेलही थोडे वाचवतो. पण त्याची बाजू तुलनेने नाजूक असते. धारदार दगड, तुटलेला बांध, उसाची खुंटे यांनी ती कापली जाऊ शकते. नायलॉन टायरची बाजू जाड आणि सोशिक असते, पण लांबच्या पल्ल्यावर आणि वेगात तो जास्त तापतो. ज्यांची गाडी रोज डांबरी रस्त्याने बेळगाव किंवा गोव्याला जाते त्यांनी रेडियलच घ्यावा. ज्यांची गाडी मुख्यतः शेत ते घर, खाणीची किंवा दगडगोट्यांची वाट, अशी हळू चालते आणि कंपनीने त्या गाडीला नायलॉन टायर मान्य केला आहे, त्यांनी त्याचा विचार करण्यास हरकत नाही. पण एका गाडीत दोन्ही प्रकार मिसळू नयेत, आणि एकाच आसाच्या दोन बाजूंना तर कधीच नाही. दोघांची वागणूक वेगळी असल्याने ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते.

नक्षीबद्दलही थोडे. सरळ उभ्या रेघांची नक्षी रस्त्यावर शांत चालते, वळताना हुकमात राहते आणि कमी तापते. आडव्या जाड ठोकळ्यांची नक्षी चिखलात पकड देते, पण डांबरावर आवाज करते, तापते आणि लवकर झिजते. रोज बाजाराला जाणाऱ्या आणि पावसाळ्यात शेतातही उतरणाऱ्या गाडीला पुढे सरळ नक्षी आणि मागे मधल्या प्रकारची नक्षी सोयीची पडते. आपले शेत डांबरी रस्त्यापासून दोनशे पावलांवर असेल तर त्या दोनशे पावलांसाठी वर्षभर ठोकळ्यांचे टायर वापरणे परवडणारे नाही.

घेताना पाहावयाच्या गोष्टी

टायर कधी तयार झाला ते पाहावे. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. "२३२४" म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. रबर न वापरताही उन्हाने आणि हवेने जुने होत जाते. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर नव्याच्या किमतीत घेऊ नये. स्टेपनीही याच नियमाने पाहावी. वर्षानुवर्षे हौद्याखाली लटकलेली स्टेपनी नवी दिसते, पण तिचे वय दुसऱ्या टायरांइतकेच झालेले असते. पाच वर्षांनंतर प्रत्येक टायर दर वर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांचा झाला की तो कितीही चांगला दिसत असला तरी काढावा.

मोठ्या मापाचा टायर चढवण्याचा मोह टाळावा. त्याने गाडी उंच दिसते, पण स्पीडोमीटर खोटा वेग दाखवतो, इंजिनवर ताण पडतो आणि टायर मडगार्डला घासतो. कंपनीने सांगितलेले मापच ठेवावे. बळ वाढवायचे तर त्याच मापात वरचा क्रमांक आणि वरचे पीआर शोधावे, आणि आपली रिम तेवढा दाब सोसणारी आहे ना हे विचारून घ्यावे.

ट्यूबलेस टायर खिळा लागल्यावर हळूहळू हवा सोडतो, त्यामुळे गाडी बाजूला घेण्यास वेळ मिळतो. ट्यूब असलेल्या टायरची हवा एकदम जाते. रिम ट्यूबलेसची असेल तर ट्यूबलेसच वापरावा. पंक्चर मधल्या भागात असेल तर दुरुस्त करावे. बाजूला छेद गेला असेल तर मात्र त्यावर ठिगळ लावून गाडी चालवू नये.

रिमोल्ड केलेला टायर स्वस्त पडतो. चांगल्या कारखान्यात, चांगल्या सांगाड्यावर केलेला असेल तर काही काम देतो. पण तो पुढच्या चाकांना कधीही लावू नये, आणि घाटातून माल नेणाऱ्यांनी मागेही लावू नये असे आम्ही म्हणू.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते जोडीने एकाच आसावर लावावेत, आणि शक्यतो मागे. पुष्कळ जण नवे पुढे लावतात. पण मागची चाके ओझे वाहतात, आणि ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी गर्रकन फिरते. पुढची पकड थोडी सुटली तर वेग कमी करून सावरता येते, मागची सुटली तर सावरणे फार कठीण.

हवा भरण्याची शिस्त

किती हवा भरायची हे गाडीच्या दारावरच्या चिठ्ठीवर किंवा पुस्तिकेत दिलेले असते. पुढचे आणि मागचे आकडे वेगळे असतात, आणि पुष्कळ गाड्यांना रिकामी व भरलेली यांचेही वेगळे असतात. टायरवर छापलेला जास्तीत जास्त दाब ही मर्यादा आहे, ती रोज भरायची मात्रा नव्हे.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालली की टायर तापतो आणि काटा काही पौंड वर दाखवतो. ते पाहून हवा सोडणे हे मोठे अज्ञान आहे. थंड झाल्यावर तो टायर कमी हवेचा होतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त तापतो. आठवड्यातून एकदा आणि लांबच्या फेरीआधी नक्की तपासावी. त्यासाठी स्वतःचा मापक काटा घेऊन ठेवावा. नायट्रोजन भरावा का, असेही विचारतात. साध्या हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो. नियमाने तपासलेली साधी हवा आपल्याला पुरे.

रिकामी गाडी पूर्ण भाराच्या दाबावर चालवली तर ती उड्या मारते आणि चालकाच्या पाठीला व मणक्याला रोज धक्के बसतात. पाठदुखीने हैराण झालेल्या चालकांनी एकदा याकडेही पाहावे.

हवा भरताना चाकाच्या समोर तोंड करून बसू नये, बाजूला उभे राहावे. हवा नसताना काही अंतर चाललेला टायर तपासल्याशिवाय पुन्हा फुगवू नये, कारण तो भरतानाच फुटू शकतो. चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळावेत.

टायरने जे होत नाही

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. टायर जड घेतला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. पाटे वाढवले म्हणूनही वाढत नाही. ब्रेक, आस, चेसिस, बेअरिंग हे सर्व त्याच पासिंगच्या हिशेबाने केलेले असते. आधी टायर फुटून निदान इशारा मिळे, आता टायर तगतो आणि घाट उतरताना ब्रेक दगा देतात. ही सुधारणा नव्हे. जड टायर घ्यायचा तो मान्य वजन निर्धास्तपणे वाहण्यासाठी, अमान्य वजन लपवण्यासाठी नव्हे.

कायदाही या बाबतीत कडक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये दंड ठेवला आहे. चौदा पोती जास्त नेऊन वाचलेले भाडे एका दंडात किती पटीने जाते हे ज्याचे त्याने मोजावे.

दुसरी गोष्ट माणसांची. रोपलावणीला, भांगलणीला जाणाऱ्या बायका, लग्नाचे वऱ्हाड, सणाला जाणारी मुलेबाळे हौद्यात बसवून नेण्याची चाल आपल्याकडे आहे. ही चाल आपल्या धर्मग्रामातही आहे, म्हणून आम्ही स्पष्ट लिहितो. हौदा माणसांसाठी नाही. टायर फुटला तर पोती रस्त्यावर पडतात, ती पुन्हा भरता येतात. मालगाडीत माल सोडून नुसती बसलेली माणसे जखमी झाली किंवा दगावली तर विमा कंपनीवर त्यांच्या भरपाईची जबाबदारी येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. म्हणजे एका घरात दुःख आणि दुसऱ्या घरात कर्ज, असा दुहेरी प्रसंग. सणाला जायचे तर बस ठरवावी, थोडा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा.

जुन्या टायरचे काय करावे?

टायर केव्हा काढावा? नक्षीच्या खाचांमध्ये ठिकठिकाणी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे फक्त १.६ मिलिमीटर खोली राहिली, आणि टायर बदलण्याची कायदेशीर मर्यादा गाठली. आपल्या भागातला पाऊस पाहता त्याच्या थोडे आधीच बदलावा, कारण गोटा टायर ओल्या रस्त्यावर पाण्यावरून घसरतो. बाजूला फुगा आला, चिरा पडल्या किंवा धागा दिसू लागला तर नक्षी कितीही असली तरी टायर त्याच दिवशी काढावा.

काढलेला टायर अंगणात टाकू नये. त्यात पावसाचे पाणी साचते, ते उन्हाने सुकत नाही आणि ओतूनही पुरते निघत नाही. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस डासाला अशी जागा फार आवडते. त्याची अंडी टायरच्या आतल्या बाजूला चिकटून कोरडी राहतात, कित्येक महिने टिकतात आणि पुढच्या पावसाचे पाणी लागले की त्यांतून अळ्या निघतात. तेव्हा जुना टायर दुकानदाराला परत द्यावा. ठेवायचाच असेल तर छपराखाली ठेवावा किंवा खाली भोके पाडावीत. शेकोटीत टायर जाळणे तर कटाक्षाने टाळावे. तो धूर विषारी असतो आणि लहान मुलांच्या व दमेकऱ्यांच्या छातीला फार बाधतो.

थोडक्यात

दुकानात जाण्यापूर्वी तीन आकडे चिठ्ठीवर लिहून न्यावेत : गाडीच्या पुस्तिकेतले टायरचे माप, वजनकाट्यावर कळलेले एका मागच्या चाकावरचे वजन आणि त्या वजनाला पुरणारा क्रमांक. दुकानात टायरवर चार गोष्टी पाहाव्यात : माप, एलटी ही अक्षरे, क्रमांक व पीआर, आणि तयार झाल्याचा आठवडा. बिल व हमीपत्र मागून घ्यावे. घरी आल्यावर एकच नियम पाळावा. थंड टायरमध्ये बरोबर हवा आणि हौद्यात पासिंगइतकाच माल.

एवढे केले तर टायर आपली किंमत वसूल करून देईल. मुख्य म्हणजे पहाटे अंधारात माल घेऊन निघालेला घरचा मुलगा संध्याकाळी सुखरूप परत येईल. बाजारभाव आपल्या हातात नसतो, पण गाडीवर किती ओझे लादायचे आणि ते कशावर तोलायचे हे तरी आपल्या हातात आहे.